व्याकरण चुकत नाही, तरी बोलणं खटकतं: मुलांना इंग्रजीतलं प्रसंगभान कसं द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्णी तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम विचारतात: आमची बारावीची मुलं पेपरात चांगले गुण घेतात. पण बुटीबोरीच्या एका कारखान्यातून मुलाखतीसाठी आलेल्या साहेबांना एक मुलगा म्हणाला, 'यू टेल मी सॅलरी.' दुसऱ्याला प्रश्न ऐकू आला नाही, तर त्यानं नुसतं 'व्हॉट?' केलं. साहेब जाताना म्हणाले, पोरं हुशार आहेत पण उद्धट आहेत. हीच मुलं वर्गात मान वर करून बोलत नाहीत. मग असं का झालं? व्याकरण आणखी पक्कं करावं का? आणि ८० मुलांच्या वर्गात, बोर्डाचा अभ्यासक्रम सांभाळून, यावर काय करता येईल?

मॅडम, आधी मुलांच्या बाजूनं एक गोष्ट ठामपणे सांगतो. तुमची मुलं उद्धट नाहीत. आणि व्याकरण आणखी घोटून घेतलं तरी हा प्रश्न सुटणार नाही. त्या मुलानं 'टेल मी द सॅलरी' असं बिनचूक वाक्य टाकलं असतं, तरी साहेबांच्या कपाळाला तीच आठी पडली असती.

तो मुलगा मनातल्या मनात काय म्हणत होता ते पाहा. 'सर, पगार किती राहीन, सांगा ना जी.' एवढ्याशा वाक्यात आदर किती ठिकाणी आहे! 'सांग' नाही, 'सांगा' आहे. पुढे 'ना' आहे, त्यानं हुकमाचं आर्जव झालं. शेवटी आपल्या वऱ्हाडातला 'जी' आहे. इंग्रजीत जाताना यातलं काहीच सोबत गेलं नाही. 'सांगा'चं 'टेल' झालं, आणि 'सांग'चंही 'टेल'च होतं. 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही 'यू'मध्ये विरघळले. 'ना' आणि 'जी' यांना तिथं जागाच नाही. उरला तो उघडा हुकूम. इंग्रजीत आदर क्रियापदाच्या शेवटी बसत नाही. तिथं विनंतीचा प्रश्न करतात, 'कुड' आणि 'वुड' वापरतात, आत्ता विचारायचं असलं तरी 'आय वॉन्टेड टू आस्क' असं भूतकाळात बोलतात, आधी परवानगी घेतात, कारण देतात. नम्रता त्या मुलाजवळ पुरेपूर होती. इंग्रजीत ती कुठे ठेवायची असते, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. आपल्या भागातल्या मुलांसोबत सगळं काम इथूनच सुरू होतं, असं माझं इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून झालेलं मत आहे.

या जाणिवेला अभ्यासक प्रॅग्मॅटिक कॉम्पिटन्स म्हणतात. मी वर्गात 'प्रसंगभान' म्हणतो: कोण, कुणाला, कुठे, कशासाठी बोलतो आहे ते पाहून भाषा वापरण्याची जाण. जेनी थॉमस या अभ्यासिकेनं १९८३ साली यातल्या चुकांचे दोन प्रकार केले, आणि ते आपल्याला रोज कामी येतात. पहिल्या प्रकारात माणसाला म्हणायचं बरोबर असतं, पण त्यासाठी तो चुकीचं वाक्य उचलतो. 'यू टेल मी' ही ती चूक. दुसऱ्या प्रकारात वाक्य ठीक असतं, पण समोरच्या समाजात ती गोष्ट त्या वेळी बोलायची रीत नसते. मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत पगार विचारणं हे त्यातलं. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेल्याला 'कोणतं गाव? लेकरं किती? पगार बरा हाय का?' असं विचारणं हा जिव्हाळा असतो. मुलानं तीच आपुलकीची रीत पुढे नेली.

थॉमस यांचा आणखी एक मुद्दा तुमच्या साहेबांना तंतोतंत लागू पडतो. व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, याची भाषा कच्ची आहे. प्रसंगभान चुकलं तर तो म्हणतो, माणूसच बरा नाही. दोष भाषेवरून उठतो आणि स्वभावावर जाऊन बसतो. मुलाचं इंग्रजी जितकं चांगलं, तितका हा धोका जास्त, कारण चांगलं बोलणाऱ्याला सूट कुणी देत नाही. तुमची मुलं हुशार ठरली आणि उद्धट ठरली, ती याचमुळे.

हे आपण मराठीतही करतो, आणि ते मान्य करायला हवं. धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू मुलं आश्रमशाळेत मराठी शिकतात तेव्हा गुरुजींना सरळ 'तू कुठे जातं?' म्हणतात. नवीन आलेल्या शिक्षकाला ते झोंबतं. तिथं मुरलेला शिक्षक मात्र जाणतो, की लेकरू आपल्या घरच्या भाषेच्या रीतीनं मराठी बोलत आहे आणि त्याच्या मनात माया आहे. तो रागावत नाही. 'तुम्ही' कुणाला म्हणायचं हे हळूहळू, प्रसंग दाखवून शिकवतो. इंग्रजीच्या बाबतीत आपली मुलं नेमकी त्या कोरकू लेकरांच्या जागी उभी असतात.

आता व्याकरणाचं. आधी व्याकरण पूर्ण होऊ द्या, मग हे शिकवू, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो टिकत नाही. भाषेचे अभ्यासक डेल हाइम्स यांनी १९७२ साली मांडलं, की वाक्य बरोबर रचणं आणि ते वाक्य केव्हा, कुणाशी वापरायचं हे कळणं, या दोन्ही गोष्टी भाषा येण्याचाच भाग आहेत. पुढे कनाल आणि स्वेन यांनी १९८० साली, बॅकमन यांनी १९९० साली त्याच्या नीट फोडी केल्या. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाढतात, याचं बोलकं उदाहरण रिचर्ड श्मिट यांनी १९८३ मध्ये नोंदवलं. हवाईत राहायला गेलेला वेस नावाचा एक जपानी चित्रकार. श्मिट यांनी तीन वर्षं त्याचं बोलणं तपासलं. व्याकरण जवळपास होतं तिथंच राहिलं, पण लोकांशी वागणं-बोलणं, गप्पा रंगवणं, काम करून घेणं यात तो तरबेज होत गेला. त्याला माणसं मिळाली, व्याकरणाचा वर्ग मिळाला नाही. आपल्या मुलांचं उलट आहे.

याच संदर्भात १९९८ चा एक अभ्यास मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगतो. बार्डोव्ही-हार्लिग आणि डोर्नेई यांनी हंगेरीत इंग्रजी शिकणारे आणि अमेरिकेत राहून इंग्रजी शिकणारे, अशा दोन्हींना चित्रफितीतले प्रसंग दाखवले. काही वाक्यांत व्याकरणाची चूक होती, काहींत प्रसंगाला न शोभणारं बोलणं. हंगेरीतल्या मुलांना व्याकरणाच्या चुका जास्त गंभीर वाटल्या, आणि त्यांच्या शिक्षकांनाही. अमेरिकेत राहणाऱ्यांना उलट वाटलं. जिथं इंग्रजी फक्त वर्गात आणि पेपरात असते, तिथं मुलांचं आणि गुरुजींचं लक्ष लाल पेनाच्या खुणेवर असतं. आर्णी-घाटंजीत वेगळं कसं असेल? म्हणून ही जाण आपोआप येईल याची वाट पाहू नका. शिकवावीच लागते. नुसतं ऐकवत राहण्यापेक्षा उघड बोलून, तुलना करून शिकवलेलं बहुधा जास्त लागू पडतं, असं वर्गांवर झालेल्या अभ्यासांतूनही दिसत आलं आहे.

मुलांच्या कानावर इंग्रजी कुणाची पडते, याचा एकदा विचार करा. आपल्या गावात ती बहुतेक वेळा एकाच माणसाची पडते, शिक्षकाची. आणि शिक्षक काय बोलतो? 'सिट डाउन.' 'ओपन युवर बुक्स.' 'डोंट टॉक.' 'यू, स्टँड अप.' ही मोठ्यानं लहानाला केलेल्या हुकमांची भाषा आहे. लहान माणूस मोठ्याशी इंग्रजीत कसा बोलतो, याचा नमुना मुलानं आयुष्यात ऐकलेलाच नसतो. मग साहेबांसमोर तो तुमचीच वाक्यं काढतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे बारावीपर्यंत मूल बारा वर्षं हुकूम ऐकत आलेलं असतं.

म्हणून पहिली दुरुस्ती फुकट आहे, आणि ती आपल्या तोंडाची आहे. 'क्लोज द डोअर' ऐवजी 'कुड यू क्लोज द डोअर, प्लीज? इट्स नॉइझी आउटसाइड.' खडू मागायचा तर 'डू यू माइंड गेटिंग मी अ पीस ऑफ चॉक?' वर्गात उशिरा आलात तर 'सॉरी टू कीप यू वेटिंग.' शिक्षक मुलांना असं बोलला तर त्याचा मान कमी होत नाही. उलट मुलांना ते लक्षात राहतं, कारण त्यांच्याशी तसं कुणी बोललेलं नसतं.

दुसरं काम मी ज्या धड्यानं करतो तो सविस्तर सांगतो, कारण तो आपल्या मातीतला आहे आणि कुठल्याही शाळेत जमतो. मी मुलांना आधी इंग्रजी बोलूच देत नाही. ऑगस्टचे दिवस असतात, पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी चालू असते. मी सांगतो, तुमचा फवारणीचा पंप बिघडला आहे आणि शेजारच्या काकांचा मागायचा आहे. एक मुलगा काका, एक मागणारा. घरी बोलता तसंच बोला. आणि मग जे होतं ते मी फळ्यावर जसंच्या तसं लिहून घेतो.

'काय काका, झाला का फवारा?'

'हाव, होऊन राह्यला.'

'आमचा पंप बिघडला ना जी कालपासून. वायसर गेला त्याचा.'

'मंग?'

'उद्या सकाळी तुमचा रिकामा हाय का? दोन तासाचं काम हाय. दुपारच्या आत आणून देतो. तुमाले लागत असन तं राहू द्या.'

आता मुलांना विचारायचं: पंप मागितला कितव्या वाक्यात? पहिलं वाक्य कशाला होतं? मुलं उत्तरं देऊ लागतात. पहिलं वाक्य नुसतं रामराम नव्हतं. काकांची फवारणी झाली का, म्हणजे पंप मोकळा आहे का, याचा त्यातून अंदाज घेतला. मग अडचण सांगितली. मग मागणं, तेही 'द्या' न म्हणता 'रिकामा हाय का' असं. मग काम छोटं करून दाखवलं, परत द्यायचा वायदा केला, आणि शेवटी काकांना नाही म्हणायला वाट ठेवली. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला हे सगळं येतं. कुणी शिकवल्याचं त्याला आठवत नाही.

मग मी माणूस बदलतो. काकांच्या जागी धाकटा भाऊ. 'पंप दे बे' एवढ्यावर काम होतं. त्या जागी कृषी सेवा केंद्राचा मालक आला, की सूर बदलतो, वाक्यं वाढतात. सरपंच आले की आणखी वेगळं. पंपाऐवजी ट्रॅक्टर मागायचा असला, तर काकांशी बोलणंसुद्धा लांबतं. मुली शेवयाची मशीन मागण्याचा प्रसंग करतात, आणि त्यात सासरच्या माणसाकडे मागणं आलं की वाक्यं दुप्पट होतात. मुलांनी स्वतःच तीन गोष्टी शोधलेल्या असतात: समोरचा किती मोठा, किती जवळचा, आणि मागणं किती जड. ब्राउन आणि लेव्हिन्सन यांनी १९८७ च्या आपल्या प्रसिद्ध मांडणीत हेच तीन घटक सांगितले आहेत. ते नाव मुलांना सांगायची गरज नाही, शिक्षकाला ठाऊक असलं की प्रश्न नेमके विचारता येतात.

इतकं झाल्यावरच इंग्रजी. पण काकांशी इंग्रजीत कोण बोलणार? म्हणून प्रसंग बदलायचा. पांढरकवड्याचा मुलगा शिकायला हैदराबादला गेला आहे, रस्ता सरळ तोच आहे. वसतिगृहात खोलीतला तेलुगू मुलगा आहे, ओळख आठ दिवसांची. त्याचा लॅपटॉप रात्री दोन तास हवा आहे. फळ्यावर वऱ्हाडी संवाद तसाच ठेवायचा आणि प्रत्येक वाक्यासमोर विचारायचं, हे काम इंग्रजीत कोणत्या वाक्यानं होईल? हळूहळू उभं राहतं: 'आर यू युजिंग युवर लॅपटॉप टुनाइट?' 'माइन हॅज स्टॉप्ड वर्किंग, अँड आय हॅव टू सबमिट अ फॉर्म.' 'डू यू थिंक आय कुड बॉरो इट फॉर अ कपल ऑफ अवर्स?' 'आय विल गिव्ह इट बॅक बिफोर टेन.' 'बट इट्स ओके इफ यू नीड इट.'

विनंत्यांवरचा एक मोठा बहुभाषिक अभ्यास ब्लूम-कुल्का, हाउस आणि कास्पर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी, हिब्रू, जर्मन, डॅनिश, फ्रेंच अशा भाषा त्यात होत्या. त्यांनी प्रत्येक विनंतीत मुख्य मागणं एकीकडे आणि त्याला टेकू देणारी वाक्यं दुसरीकडे अशी फोड केली. आपल्या पोरांनी काढलेली रचना त्या फोडीत बरोबर बसते. टेकू दोन्हीकडे जवळजवळ सारखे आहेत, ते मुलाला फक्त इंग्रजीत म्हणायचे आहेत. वेगळं पडतं ते मधलं मुख्य वाक्य, म्हणून सराव तिथं जास्त घ्यायचा.

इथं एक सावधगिरी. हे शिकल्यावर काही मुलं भारावून जातात आणि पेन मागायलासुद्धा पाच वाक्यं बोलतात. बाकावरच्या दोस्ताला 'आय वॉज वंडरिंग इफ' म्हटलं तर तो दचकेल, आपण परके झालो असं त्याला वाटेल. अति आडवळणही नको. ब्लूम-कुल्का यांनीच १९८७ मध्ये दाखवलं होतं, की हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही भाषकांना नुसती सूचक वाक्यं सर्वांत नम्र वाटली नाहीत, रुळलेली 'कुड यू' पद्धतीची वाक्यं वाटली. आणि 'प्लीज'वर भरवसा ठेवू देऊ नका. 'प्लीज गिव्ह मी युवर लॅपटॉप' हा हुकूमच आहे, त्याला पुढे प्लीज लावलेलं आहे.

'व्हॉट?' म्हणणाऱ्या मुलाचं कोडं शब्दापेक्षा सुराचं आहे. भाषेचे अभ्यासक जॉन गम्पर्झ यांनी १९८२ मध्ये सांगितलेली हकीकत आपल्या लोकांचीच आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बाया नव्यानं कामाला लागल्या होत्या. त्या तुसड्या आहेत अशी तक्रार होती. जेवण वाढताना 'ग्रेव्ही' हवी का विचारायचं असायचं. इंग्रज बाई तो एक शब्द वर चढत्या सुरात म्हणायची, तो प्रश्न व्हायचा. आपल्या बाया तोच शब्द खाली उतरत्या सुरात म्हणत. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही घे ग्रेव्ही, घ्यायची तर घे. ध्वनिफिती ऐकवून दोन्ही बाजूंना फरक दाखवला तेव्हा गाठ सुटली. कुणाच्याही मनात तुसडेपणा नव्हता. आपल्या मराठीत 'का' लावला की प्रश्न झाला, सगळा भार सुरावर टाकावा लागत नाही. म्हणून हा सराव कानानं करायला हवा. 'सॉरी?' चढत्या सुरात आणि 'सॉरी' उतरत्या सुरात, दोन्ही म्हणून घ्या. पहिल्याचा अर्थ 'पुन्हा सांगाल का', दुसऱ्याचा 'माफ करा'. वर्गाला डोळे मिटून ओळखायला लावा. दहा मिनिटं पुरतात आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा भाग घेतात, कारण यात स्पेलिंग नाही.

नकाराचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा 'नको जी' म्हणतो ते खरं धरत नाहीत. आग्रह होतो, तिसऱ्या वेळी पाहुणा घेतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरी किंवा कचेरीत 'नो, थँक यू' एकदा म्हटलं की चहाचा कप परत जातो आणि मुलगा उपाशी राहतो. ते घर मायाळू नाही असं मग तो ठरवतो, म्हणजे या वेळी गैरसमज त्याच्या बाजूनं होतो. आपल्या 'पाहतो', 'सांगतो मंग' यातला नकार गावात सगळ्यांना कळतो, पण 'आय विल सी' म्हटलं की बाहेरचा माणूस चार दिवसांनी उत्तर मागायला येतो. या दोन गोष्टी मुलांना नुसत्या सांगून ठेवल्या तरी चालतात. टेलिफोनवर 'हू आर यू?' ऐवजी 'मे आय नो हूज कॉलिंग?' हेही त्यातलंच, एका तासात होऊन जातं.

लेखनात मात्र वेळ द्या, कारण आता मुलं सर्वांत जास्त इंग्रजी मोबाइलवर लिहितात. तुमच्या फोनमधले मुलांचे निरोप उघडून पाहा. 'सर सेंड नोट्स.' 'मॅम व्हेन रिझल्ट.' आणि याच मुलांचा रजेचा अर्ज पाहा: 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट.' एकीकडे हुकूम आणि दुसरीकडे लोटांगण, मधलं काहीच नाही. आजच्या कामाच्या जगात मधलंच लागतं. मी नावं काढून असे निरोप फळ्यावर लिहितो आणि विचारतो, हा निरोप तुम्हाला आला असता तर कसं वाटलं असतं? मुलं स्वतः दुरुस्त करतात. 'गुड इव्हिनिंग सर. आय मिस्ड टुडेज क्लास बिकॉज आय वॉज अनवेल. कुड यू प्लीज शेअर द नोट्स व्हेन यू आर फ्री?' यातलं 'व्हेन यू आर फ्री' एका मुलानं सुचवलं होतं. 'तुमाले लागत असन तं राहू द्या' याचाच तो इंग्रजी भाऊ आहे, हे वर्गानं लगेच ओळखलं.

कुणाची रीत शिकवायची, हा प्रश्नही तुमच्या मनात येईल. आपली मुलं लंडनला चाललेली नाहीत. ती नागपूर, पुणे, हैदराबादला जाणार, त्यांच्याशी इंग्रजी बोलणारा माणूस बहुधा तमिळ, बंगाली किंवा तेलुगू असणार. तिथं 'सर' म्हणणं शोभतं, वयानं मोठ्याला नुसत्या नावानं हाक मारणं शोभत नाही. म्हणून इंग्रजांसारखं वागा असं मी कधी सांगत नाही. या वाक्याचा समोरच्यावर काय परिणाम होतो ते दाखवायचं, आणि निवड मुलावर सोडायची. एखाद्या मुलीनं सगळं समजून 'आय वोंट से थँक यू टू माय मदर' असं ठरवलं तर ती बरोबर आहे. आपल्या घरात आईचे आभार मानत नाहीत, आणि इंग्रजीत बोलतानाही तिनं ते का मानावेत? समज असून केलेली निवड आणि न कळता झालेली चूक यात फरक आहे. आपलं काम दुसरी टाळण्याचं आहे.

ऐकण्यासाठी साधनं नाहीत असं म्हणाल. क्रिकेटचा सामना संपल्यावर कर्णधारांशी होणारी बातचीत प्रत्येक मुलाच्या मोबाइलवर असते. हरलेला कर्णधार दोष कसा पत्करतो, प्रतिस्पर्ध्याला श्रेय कसं देतो, अडचणीचा प्रश्न कसा वळवतो, हे दोन मिनिटांत ऐकायला मिळतं. एक तुकडा तीनदा ऐकवा. पहिल्यांदा अर्थासाठी, मग फक्त सूर, मग फक्त 'आय थिंक', 'प्रॉबब्ली', 'टु बी ऑनेस्ट' असे नरमाईचे शब्द मोजण्यासाठी.

आता ८० मुलं आणि अभ्यासक्रम. बाकावर तिघं बसतात, तेच गट ठेवा: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक बघणारा. बघणाऱ्याला एकच प्रश्न: ऐकणाऱ्याच्या जागी तू असतास तर हो म्हणाला असतास का, आणि का? चुका तुम्ही काढायच्या नाहीत, परिणाम त्यानं सांगायचा. मग जागा बदलायच्या. एका प्रसंगाला वीस मिनिटं लागतात आणि सगळा वर्ग बोललेला असतो. वेगळा तास काढायची गरज नाही, कारण बारावीच्या कृतिपत्रिकेत ई-मेल आहे, मुलाखतीचे प्रश्न आहेत, गटचर्चा आहे. मुलाखतीचे प्रश्न लिहिताना 'व्हाय डिड यू फेल अर्लिअर?' आणि 'वुड यू लाइक टु टेल अस अबाउट द डिफिकल्ट डेज?' यातला फरक विचारा. गटचर्चेत 'यू आर राँग' म्हणणाऱ्याला 'तसं नाही जी' हे इंग्रजीत कसं म्हणशील, असं विचारा. 'आय सी युवर पॉइंट, बट' तो स्वतः शोधेल. 'पॅसिव्ह' शिकवताना 'यू हॅव नॉट पेड माय स्कॉलरशिप' आणि 'माय स्कॉलरशिप हॅज नॉट बीन पेड' शेजारी लिहा. बँकेतल्या बाबूवर बोट न रोखता तक्रार करता येते, हे मुलाला तिथंच दिसतं. 'कुड' आणि 'वुड' हे मोडल्सच्या धड्यात येतातच, त्यांचा उपयोग नुसता शक्यता दाखवायला नाही, हे त्याच तासाला सांगून टाका.

तोंडी परीक्षेचे गुण तर शिक्षकाच्याच हातात असतात. पाठ केलेलं 'माय सेल्फ' म्हणून घेण्याऐवजी प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी उचलू द्या: वाचनालयात पुस्तक उशिरा परत करायचं आहे, दवाखान्यात डॉक्टरांचं बोलणं कळलं नाही ते पुन्हा विचारायचं आहे, प्राचार्यांकडे सहलीची परवानगी मागायची आहे. समोर तुम्ही त्या माणसाच्या भूमिकेत बसा. निम्मे गुण म्हणणं पोचलं का यावर द्या, निम्मे ते त्या माणसाला शोभेल असं पोचलं का यावर. 'ही डोंट'सारख्या चुकीला इथं गुण कापू नका, आणि हे मुलांना आधी सांगा. पहिल्या सत्रात विनंती आणि न कळलेलं पुन्हा विचारणं एवढंच घ्या, नकार आणि तक्रार दिवाळीनंतर. जूनमध्ये एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, त्याच चिठ्ठीवर त्याच मुलाचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि दोन्ही त्याला शेजारी बसवून ऐकवा.